आधी भोक, मग जस्त

आई, तुझी भट्टी मी विझवली. हे तुला ठाऊक होतं, आणि तुला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं, पण दोघींपैकी एकीनंही ते कधी तोंडावाटे काढलं नाही. आता तू जाऊन इतकी वर्षं लोटली की तुझ्या हातच्या चाळणीनं ज्वारी चाळलेली माणसंसुद्धा फारशी उरली नाहीत, तेव्हा बोलायला हरकत नाही. माफी मागायला बसले आहे असं मात्र समजू नकोस. माफी मागणाऱ्यातली मी नाही, आणि हा गुण मी कुणाकडून उचलला ते तुला वेगळं सांगायला नको. मला काही गोष्टी एकदा तुझ्यासमोर मांडायच्या आहेत, आणि या खेपेला तू मधे बोलू शकत नाहीस, एवढं बरं आहे.

आपल्या घरात बोलणं कमी आणि ठोकणं फार. गिरणीच्या मागच्या बोळात दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात एक छप्पर आणि छपराखाली तुझं राज्य. बाबा कापडाच्या गिरणीत, कांड्यांवर सूत भरायच्या कांडीखात्यात. पाळी संपवून दारात आले की वहाणा काढायच्या आधी विचारायचे, "भांडण झालं, का व्हायचंय?" झालं असलं तर जेवायला बसायचे, व्हायचं असलं तर मारुतीच्या देवळात जाऊन टेकायचे. तू चाळण्या करायचीस. ज्वारीची वेगळी, तुरीची वेगळी, करडईची वेगळी, प्रत्येकीचं भोक तुझ्या बोटांना पाठ. काळा लोखंडी पत्रा गोल कापायचा, शिशाच्या ठोकळ्यावर ठेवायचा आणि टोच्यानं ओळीनं भोकं पाडत जायची. ओळी मी आखायची. दहाव्या वर्षी माझ्याही हातात टोचा आला. भोकं पाडून झाली की पत्रा तेजाबात धुवायचा, खडखडीत वाळवायचा, जस्त धरावं म्हणून नवसागर लावायचा आणि कढईतल्या वितळलेल्या जस्तात बुडवायचा. आत जाताना काळा, बाहेर येताना चंदेरी. जस्त चढवलं नाही तर लोखंड गंजतं, गंज धान्यात उतरतो, आणि दोन सुगीत चाळण फाटते.

ते बुडवणं तुझं होतं. मी भाता ओढून कोळसा फुलवायची, त्याच्या पुढं मला कधी येऊ दिलं नाहीस. तुझ्या माहेरी सगळे मेंढरांमागं फिरणारे. सांगोल्याकडच्या माळावर वाढलेली पोर लग्न होऊन सोलापुरात येते, बादल्या करणाऱ्याच्या आवारात पाट्या उचलायला जाते, आणि कुणी न शिकवता, नुसतं बघून बघून जस्ताचं काम उचलते, ही गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस की मला त्या आवाराचा वासही आठवतो, जरी मी तिथं पाऊल टाकलेलं नाही. चाळण जस्तातून वर आली की भोकाभोकात जस्त साचलेलं असायचं, आणि ते गोठायच्या आत झाडून टाकायला जेमतेम एक श्वास मिळायचा. तू चिमटा मनगटातून असा काही झटकायचीस, मग कडेवर लाकडानं दोन टिचक्या, की सगळी भोकं एकदम उघडायची आणि पलीकडचं आभाळ दिसायचं. त्या झटक्याला गावात जोड नव्हती. तुझ्या हातांवर कोपरापर्यंत जस्त उडाल्याचे पांढरे डाग होते. बाजारात ते डाग बघूनच बायका म्हणायच्या, ही बघा जस्तवाली. तुला ते नाव आवडायचं. आवडत नाही असं दाखवायचीस, ते वेगळं.

आणि तुझा तो मंत्र. आधी भोक, मग जस्त. पेठेतल्या लोखंडाच्या व्यापाऱ्याकडं, जो आपल्या सगळ्या चाळण्या घ्यायचा, मुंबईहून तयार जस्ती पत्रा यायला लागला होता. कारखान्यातच जस्त चढवलेला, दोन्ही अंगांनी गुळगुळीत, नुसता कापायचा आणि भोकं पाडायची. तेजाब नको, कोळसा नको, कढई नको. मी तो दुकानात पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्यावरून हात फिरवत राहिले. तू मला दंडाला धरून बाहेर ओढलंस. बोळापर्यंत तसंच ओढत नेलंस, आणि घरात आल्यावर म्हणालीस, "आगं भवाने, भोक पाडलं म्हंजे भोकाच्या आतली कड उघडी पडती. तितं जस्त कुटं हाय? तितंच गंज धरनार. पत्र्याला आदी भोकं पाडायची आन मग पदर घालायचा. आदी पदर घालून मग त्येलाच भोकं पाडायची म्हंजे इज्जत झाकली का उघडी केली?" मी म्हटलं, "कड केवढी असते, आई? केसाएवढी." तू म्हणालीस, "गंजाला केस लई झाला." यावर मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही, आणि मला उत्तर सुचत नसलं की मी किती पेटते, हे तुला कुणी सांगायला नको होतं.

उत्तर पुढं तुझ्याच हातानं मिळालं. कुणा डाळवाल्यानं पिठाच्या बारीक चाळण्या मागितल्या होत्या. एवढं बारीक भोक टोच्यानं पडत नाही, म्हणून काळ्या तारेची विणलेली जाळी आणली, गोल कापून कड्यात बसवली आणि तू ती आपल्या रीतीनं जस्तात बुडवलीस. झटकलंस, टिचक्या मारल्यास, पुन्हा झटकलंस. आभाळ काही दिसलं नाही. जाळीचा डोळान् डोळा बुजून गेला होता. एक नाही, सहाच्या सहा. चूक तुझी. जाळी इतकी बारीक असली की जस्त सुटायला जागाच नसते, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण तू मला दाभण दिलंस आणि म्हणालीस, "भाता नीट वढला न्हाईस. जस्त थंड पडलं. आता बस एकएक डोळा उघडत." तीन दिवस मी अंगणात बसून जाळीचे डोळे उघडत होते. बोटांची सालटं निघाली. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, जस्ती तार घेऊन तिचीच जाळी विणली असती तर एक डोळा बुजला नसता. तू म्हणालीस, वाकवल्यावर तारेवरची साल सुटते. मी म्हटलं, हळू वाकवली तर नाही सुटत. तू म्हणालीस, "तुला कुनी सांगितलं?" कुणी सांगितलं नव्हतं. दुकानातल्या जस्ती तारेचा एक तुकडा मी कमरेला खोचून आणला होता आणि रोज वाकवून बघत होते. खसकन वाकवला तर साल तडकायची, बोटानं हळूहळू वळवला तर काही व्हायचं नाही. पण हे मी तुला सांगितलं नाही, कारण तुकडा चोरलेला होता.

आता तुझ्या तापाचं सांगते. भट्टी पेटली की कढईवर पांढरा धूर तरंगायचा आणि छपराखाली कोंडून राहायचा. संध्याकाळी तू चुलीपुढं बसून पाणी प्यायचीस आणि म्हणायचीस, "आज पानी ग्वाड लागतंय." ते ऐकलं की मी घोंगडी काढून ठेवायची. तासाभरात तुला हुडहुडी भरायची. वाकळ टाकली, घोंगडी टाकली, बाबांचं धोतरसुद्धा टाकलं तरी दात वाजायचे, छाती आवळून यायची, आणि सकाळी काही झालंच नाही अशी तू उठून तेजाबाच्या पाटीकडं जायचीस. दवाखान्यात कोयनेलच्या गोळ्या दिल्या, हिवताप म्हणाले. तूही सगळ्यांना हिवतापच सांगायचीस. मी म्हटलं, "डास काय भट्टीच्या दिवशीच चावतात होय?" तू भाकरी थापता थापता उलथनं उगारलंस. मग मी दारामागच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारायला लागले. भट्टीच्या दिवशी उभी रेघ, तापाच्या दिवशी तिला आडवी. दोन महिन्यांत भिंतीवर फुल्याच फुल्या झाल्या. आठपंधरा दिवस भट्टी बंद ठेवून पुन्हा पेटवली की ताप दुपटीनं यायचा, हेही त्यात दिसत होतं. मी तुला हाताला धरून ती भिंत दाखवली. तू नीट बघितलीस, प्रत्येक फुलीवरून बोट फिरवलंस, आणि दुसऱ्या दिवशी शेण आणि पांढरी माती कालवून भिंत सारवून टाकलीस. आई, मला त्या दिवशी तुझा इतका राग आला होता की मी दिवसभर जेवले नाही, आणि तुला वाटलं मला बरं नाही, म्हणून तू मला गूळ दिलास.

मला शाळेत तू घातलंस. हे मी कुणाला विसरू दिलेलं नाही, स्वतःलाही नाही. आपल्या बोळात पोरगी शाळेत जाते म्हटल्यावर बायका तोंडाला पदर लावायच्या. तू म्हणायचीस, "पेठेतनं चिठ्ठी आली की मला मास्तराच्या दारात हुबं ऱ्हावं लागतं. माजी पोरगी वाचंल." चौथीपर्यंत मी शिकले. पाटी तू स्वतः आणलीस, तिच्या लाकडी चौकटीला तू जस्ताची पट्टी ठोकलीस, आणि वर्गात ती पाटी दगडावर आपटली तरी फुटायची नाही. त्यानंतर पेठेतून येणारी प्रत्येक चिठ्ठी मी वाचायची. तू टोचा थांबवायचीस, हात लुगड्याला पुसायचीस, आणि देवळात पोथी ऐकावी तशी माझ्या तोंडाकडं बघत बसायचीस.

त्या सुगीच्या आधी चिठ्ठी आली. दोन ओळी होत्या. "यंदा चाळण्या जास्ती लागतील. पत्रा आमच्या दुकानातून न्यावा." एवढंच. पीक बरं होतं, खळी भरणार होती, व्यापाऱ्याला माल जादा हवा होता. मी वाचलं, "यंदा चाळण्या जस्ती लागतील. पत्रा आमच्या दुकानातून न्यावा." एका अक्षराचा काना गिळला. तू म्हणालीस, "जस्ती? आपल्या जस्तीच असत्यात की. त्यात लिवायचं काय?" मी म्हटलं, "जस्ती पत्र्याच्या म्हणतोय तो. तयार पत्र्याच्या. म्हणून तर दुकानातून न्या म्हणतोय." तू चिठ्ठी माझ्या हातातून घेतलीस. उलटी नाही, सुलटी धरलीस, तेवढं तुला कळत होतं. त्या काळ्या रेघांकडं बराच वेळ बघितलंस आणि परत दिलीस. म्हणालीस, "गिऱ्हाईकाला गंजकं पायजे तर गंजकं घ्या म्हनावं." मग टोचा उचललास, पण ठोकला नाहीस.

दुकानात व्यापाऱ्यानं माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. "जस्ती पत्रा? तुझ्या आईला चालेल का? मागं मी विचारलं तर माझ्या अंगावर आली होती." मी म्हटलं, "तिनंच सांगितलंय." खोट्यावर खोटं. हातगाडीवर पत्रा घालून आणला. तू त्याला हात लावला नाहीस. पहिली चाळण मी एकटीनं पाडली. काळ्या पत्र्यावर टोचा धपकन बसायचा, इथं टणकन बसायचा, आवाजच वेगळा. दुसऱ्या दिवशी तुला माझ्या वाकड्या ओळी बघवेनात. "सर तिकडं," म्हणालीस आणि ठोकायला बसलीस. पाच दिवस आपण दोघी समोरासमोर बसून ठोकत होतो. ना धूर, ना तेजाबाची खाज, ना पाणी गोड लागलं. धुणं, वाळवणं, बुडवणं सगळं गेल्यामुळं एरवी पंधरवड्यात व्हायचा तेवढा माल सहा दिवसांत झाला आणि वर पत्रा उरला, म्हणून त्याच्याही चाळण्या केल्या. तुला एकदाही हुडहुडी भरली नाही. मी ते बोलून दाखवलं. तू म्हणालीस, "थंडीनं डास कमी झाल्यात."

माल घेऊन आपण दोघी गेलो. व्यापाऱ्यानं चाळण्या मोजल्या, एक उन्हाकडं धरून बघितली आणि खुश होऊन म्हणाला, "बाई, शब्दाच्या पक्क्या बघा तुम्ही. जास्ती म्हटलं होतं, जास्ती दिल्यात." त्यानं "जा" असा काही लांबवला की अख्ख्या पेठेला ऐकू गेला. मग म्हणाला, "आणि ह्या जस्ती पत्र्याच्या करायचं तुमच्याच डोक्यातनं निघालं म्हणे. बरं केलंत. हलक्या झाल्यात." तू माझ्याकडं बघितलंस. मी तुझ्याकडं बघितलं. जस्ती केल्या म्हणून जास्ती झाल्या होत्या, त्याचं म्हणणं पुरं झालं होतं आणि माझंही, आणि मधे तुला काहीच उरलं नव्हतं. त्याच्यासमोर तू मला खोटं पाडलं नाहीस, आई, आणि हे मी आजवर तुझ्या उपकारात धरलेलं नाही. गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, माणसांचा लोंढा आला, त्या लोंढ्यात आपण घरापर्यंत आलो. दारात तू एकच वाक्य बोललीस. "तुला वाचाय शिकवलं त्येच चुकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू भट्टी पेटवलीस. काळ्या पत्र्याची एक चाळण कधीची पाडून ठेवलेली होती, ती तेजाबात धुतलीस, वाळवलीस, नवसागर लावलास. कढईत जस्त टाकलंस. मग माझ्याकडं न बघता म्हणालीस, "भाता धर." मी उंबऱ्यावर बसले होते. मी म्हटलं, "न्हाय." घरात मी तुझ्यासारखं बोलत नसे, शाळेतलं बोलायची, तुला ते आवडायचं म्हणून. पण त्या दिवशी तोंडातून तुझंच आलं. तू म्हणालीस, "मग घरातनं नीघ." मी म्हटलं, "निघनार बी न्हाय. हितंच बसनार. तू धूर खायाची आन मी रातभर तुला घोंगड्या घालायच्या, हे आता पुरं झालं. मरायचं आसंल तर माज्या हातानं न्हाय." बाबा पाळीवरून येऊन दारात उभे होते. त्यांनी त्यांचा प्रश्न विचारला नाही. तू त्यांच्याकडं बघून म्हणालीस, "तुमी धरा भाता." बाबांनी आयुष्यात तुला कशाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ते खाली बघत म्हणाले, "माज्याच्यानं व्हायचं न्हाय," आणि उलट्या पावली देवळाकडं निघून गेले.

मग तू एकटीनं केलंस. भात्याकडं धावायचीस, चार हिसडे द्यायचीस, तिथून कढईकडं, चिमटा उचलायचीस, जस्त निवलेलं दिसलं की पुन्हा भात्याकडं. घामानं लुगडं अंगाला चिकटलं होतं. मी बसून बघत होते. आज कुणी विचारलं, तुला उठावंसं वाटलं नाही का, तर मी म्हणते, वाटलं, पण उठले नाही, आणि पुन्हा ती सकाळ आली तरी उठणार नाही. शेवटी तू चाळण बुडवलीस, वर काढलीस आणि तुझा तो झटका दिलास. मनगट तेच, झटका तोच, टिचक्या दोन. जस्त निवलं होतं. तू चाळण आभाळाकडं धरलीस. एकही भोक उघडलं नव्हतं. तू ती तशीच धरून रांजणाजवळ गेलीस आणि तीत तांब्यानं पाणी ओतलंस. एक थेंब खाली पडला नाही. "बघ," म्हणालीस, "चाळनीत पानी ठरतंय." आणि हसलीस. आई, तू रडली असतीस तर मी उठले असते. तू हसलीस म्हणून मी तशीच बसून राहिले.

त्यानंतर भट्टी पेटली नाही. पण तू गप्प बसणारी थोडीच. जस्ती पत्र्याची एक चाळण तू अंगणातल्या खुंटीला अडकवलीस आणि रोज सकाळी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायला लागलीस, कडेला गंज यावा म्हणून. वर्षभर ओतलंस. रोज नखानं भोकांच्या कडा खरवडून बघायचीस. भोकांतून गंज आला नाही. पातळ पत्र्याला दोन्ही अंगांनी जस्त असलं की ते मधल्या उघड्या कडेलाही सांभाळून घेतं, शेजारीण पोर सांभाळते तसं, हे मला पुढं अनुभवानं कळलं. तेव्हा मी नुसती छाती पुढं काढून फिरत होते. एक दिवस तू मला हाक मारलीस. बाहेरच्या काठावर, जिथं पत्रा दुमडताना हातोडीनं जस्त सोलून निघालं होतं, तिथं बोटाच्या पेराएवढा तांबूस डाग होता. "ह्यो बघ गंज," म्हणालीस. इतकी खुश तुला मी भट्टी विझल्यापासून पाहिली नव्हती. मी म्हटलं, हा ठोकण्याचा गंज, भोकाचा नव्हे. तू म्हणालीस, गंज तो गंज. हे भांडण आपण तू जाईपर्यंत भांडलो आणि ते मला कधी कंटाळवाणं झालं नाही.

बाजारात मात्र तू मला लाज आणलीस. जस्ती पत्र्याच्या चाळण्या मांडून बसायचीस आणि गिऱ्हाईकानं विचारायच्या आत सांगायचीस, "उगड्या कडेची हाय बरं का. आमची पयली तशी न्हवती. ही वली ठेवू नगा, चिचंचं आंबट चाळू नगा, जस्त उतरंल." अक्कलकोटकडच्या बायका कानडीत काही विचारायच्या, त्यांनाही तू हातवारे करून कडेचं सांगायचीस. मी चिडायची. आपल्याच मालाचं वाईट कोण सांगतं? पण तुझ्या चाळण्या कधी परत आल्या नाहीत. मी पुढं जस्ती तारेची जाळी विणायला घेतली, लाकडी चौकटीवर तार ताणून, एक एक वेढा हळू वळवत. दूधदुभत्याच्या कपाटांना, पिठाच्या चाळण्यांना, कोंबड्यांच्या खुराड्यांना. त्यावर माझं घर उभं राहिलं. यंत्रानं भोकं पाडलेले पत्रे आले तेव्हा तुझा टोचा बंद पडला, माझी जाळी मात्र चालली. तुझ्या हातांवरचे डाग होते तसेच राहिले, पण नवी माणसं ते बघून विचारायची, बाईला कोड आहे का? जस्तवाली कुणी म्हणेना. ते मी तुझ्याकडून काढून घेतलं, हे मला कळत होतं. त्याची भरपाई नव्हती आणि मी ती द्यायलाही गेले नाही. त्या बदल्यात तू मोकळा श्वास घेत नातवंडं खेळवलीस, बोळातल्या अर्ध्या बायकांशी भांडलीस आणि म्हातारपणी झोपेत गेलीस. सौदा वाईट होता असं मला कुणी सांगू नये.

तूसुद्धा नाही. म्हणून हे लिहिते आहे. पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही, आणि तुला वाचून दाखवायला तिथं कुणी चौथी शिकलेलं असेल असंही नाही. लिहून झालं की मी याची घडी घालीन आणि कपड्यांखाली ठेवीन. पण एक राहिलं आहे. ही गोष्ट मी घरात सगळ्यांना सांगत आले. सुनेला सांगितली, नातीला सांगितली, की माझ्या आईचा ताप मला बघवेना म्हणून मी चिठ्ठी खोटी वाचली. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात, आणि मी ते भरू देते. तू समोर असतीस तर उलथनं उगारलं असतंस, म्हणून तुला खरं सांगते. चिठ्ठी माझ्या हातात होती, तू टोचा थांबवून, हात पुसून माझ्या तोंडाकडं बघत होतीस. त्या घडीला तुझा ताप माझ्या मनात कुठंही नव्हता. मला वाचता येत होतं आणि तुला येत नव्हतं, एवढं एकच होतं. मला एकदा तरी तुला हरवायचं होतं. हरवलं, आणि बरं वाटलं, आई. लई बरं वाटलं.